खालच्या मजल्यावरची बाबा

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहत होतो तेव्हा आमच्या घरात दोन बाबा होते. एक माझा नवरा, म्हणजे माझ्या मुलीचे, ईराचे बाबा. दुसरी बाबा खालच्या मजल्यावर राहायची. ती रशियन होती, पंच्याहत्तरीच्या पुढची, उंच आणि रुंद. रशियनमध्ये आजीला बाबा म्हणतात. तिचं खरं नाव दोन भागांचं आणि इतकं लांब होतं की पोस्टमनसुद्धा पहिला भाग म्हणून झाल्यावर श्वास घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं ईराला मांडीवर घेऊन सांगून टाकलं, "मला बाबा म्हण."

ईरा तेव्हा नुकती बोलायला लागलेली. तिचं मराठी घरापुरतं आणि इंग्रजी नर्सरीचं. "बाबा आली!" असं ती ओरडायची आणि मी सवयीनं सुधारायची, "आली नाही, आले म्हण." मग ती दाराकडे बघून विचारायची, "कुठली बाबा?" थोड्या दिवसांनी मीच हार मानली. सासूबाईंना मात्र याचा फार त्रास झाला. एकदा व्हिडिओ कॉलवर ईरानं त्यांना बातमी दिली, "आजी, बाबा जिन्यात पडली, मग बाबांनी तिला उचललं, मग बाबा रडली नाही, बाबांच्या पाठीत दुखलं." पलीकडे नागपुरात सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाल्या, "अगं, तिकडे नेमकं चाललंय तरी काय?"

बाबाची आणि माझी पहिली भेट जिन्यातच झाली. आम्ही पुण्याहून आलो त्या दिवशी. नवऱ्याच्या आयटी कंपनीचं ऑफिस ब्रॅकनेलला, म्हणून तीन मजली, विटांच्या, जुन्या ब्लॉकमध्ये वरचा फ्लॅट भाड्यानं घेतलेला. आम्ही बॅगा ओढत वर चाललो होतो. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ती बाहेर येऊन उभी राहिली. अंगात रस्त्यावर काम करणारे घालतात तसं चमकणारं पिवळं जॅकेट.

"कुठल्या जिन्याचे?" तिनं विचारलं.

ब्लॉकला एकच जिना होता. मी म्हटलं, "याच."

"मग आपले," ती म्हणाली आणि माझ्या हातातली बॅग घेऊन पुढे चालायला लागली.

पिवळ्या जॅकेटचं रहस्य तिनं नंतर सांगितलं. "या देशात हे घातलं की कोणी काही विचारत नाही. झाड लाव, खड्डा खण, रस्ता अडव. सगळे सॉरी म्हणून बाजूनं जातात." तिचं इंग्रजी वेगळंच होतं. इंग्रजीतले ए आणि द तिनं सरळ टाकून दिलेले. वाक्यं तोडून, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखी बोलायची. ते अर्धं इंग्रजी इथे मराठीत सांगताना मला उगीच वाटतं की ती मूळची आपल्याकडचीच असावी.

ती नगररचनाकार होती. व्होल्गाच्या काठावरच्या एका कारखान्यांच्या शहरात सरकारी संस्थेत तिनं उभी नोकरी केली होती. मुलगी इंग्लंडला डॉक्टर होऊन आली, साउथहॅम्प्टनला स्थायिक झाली आणि नवरा गेल्यावर आईला घेऊन आली. पण मुलीच्या मोठ्या, एकट्या, उंच झुडपांच्या कुंपणाच्या घरात बाबा फार टिकली नाही. "तिथे खिडकीतून काय दिसतं? हेज. मी हेजशी काय बोलू?" म्हणून ती स्वतः नकाशे बघून, ट्रेननं हिंडून ब्रॅकनेलला आली आणि राहिली.

ब्रॅकनेलवर प्रेम करणारी मला भेटलेली ती एकमेव व्यक्ती. बाकी सगळे या गावाला नावं ठेवतात. राउंडअबाउट फार, काँक्रीट फार, पायी जायचं तर सबवेतून जा. बाबाला नेमकं तेच आवडायचं. युद्धानंतर कोऱ्या कागदावर आखून काढलेलं गाव, त्याच्या वेगवेगळ्या वस्त्या, प्रत्येक वस्तीला तिची शाळा, तिची चार दुकानं, तिचा पब, तिचं चर्च. "आम्हीसुद्धा हेच काढायचो," ती म्हणायची. "पब आणि चर्चच्या जागी लायब्ररी आणि दवाखाना. बाकी तेच. इथे राणीच्या देशात हे बघून मला रडूच आलं." अशा वस्तीला त्यांच्याकडे मिक्रोरायोन म्हणतात. हा शब्द ती देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायची.

एकदा तिनं मला विचारलं, मी कुठल्या गावची. मी म्हटलं, माहेर भिलाईचं. वडील तिथे पोलाद कारखान्यात होते. ती चालता चालता थांबली. "भिलाई?" भारतातलं तिला दिल्लीनंतर ठाऊक असलेलं हे दुसरं गाव निघालं. रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना, त्याच्याशेजारी सेक्टरांची आखीव वसाहत. तिच्या संस्थेतला एक म्हातारा इंजिनिअर तरुणपणी तिथे राहून आलेला आणि उन्हाच्या आठवणी सांगायचा. तिनं मला सबवेच्या तोंडाशीच उभं करून विचारलं, "शाळेत कशी जायचीस?"

"चालत."

"मोठा रस्ता ओलांडावा लागायचा?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कधीच लागला नव्हता. शाळा, मैदान, बाजार, सगळं सेक्टरच्या पोटातच. लहानपणी ते कोणी तरी विचार करून तसं केलं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

"बघ," बाबा म्हणाली आणि माझ्या गालाला चिमटा काढला. "आम्ही तुला सांभाळलं."

तिचं काम काय होतं हे ती एका वाक्यात सांगायची. "इमारती बाकीचे काढायचे. मी इमारतींच्या मधलं काढायचे." मधलं म्हणजे अंगण. चार बाजूंनी पाच मजली बिल्डिंगा आणि मध्ये झाडं, झोके, कपड्यांच्या दोऱ्या, सतरंज्या झटकायचा लोखंडी दांडा, म्हाताऱ्यांना बसायला बाकं. अंगण केवढं असावं याचं तिचं माप ठरलेलं होतं. चौथ्या मजल्यावरून आईनं हाक मारली तर खाली खेळणाऱ्या पोराला ऐकू गेली पाहिजे. त्याहून मोठं केलं की ते मैदान झालं, आणि मैदानात पोरं हरवतात. हे माप ती ब्रॅकनेलमध्येही तपासायची. कुठल्याही नव्या सोसायटीत गेली की मला एका टोकाला उभी करायची आणि दुसऱ्या टोकाहून माझ्या नावानं बोंब मारायची. लोक पडदे बाजूला करून बघायचे. तिच्या अंगात पिवळं जॅकेट असायचं, मी मात्र साध्या कोटात लाजेनं अर्धी झालेली असायची.

आमच्या ब्लॉकला पुढे डांबरी कार पार्क आणि मागे गवताचा तुकडा होता. त्या तुकड्यावर कोणी जायचं नाही. प्रत्येक जण गाडीतून उतरला की खाली मान घालून जिना चढायचा आणि दार लावून घ्यायचा. बाबानं यावर उपाय म्हणून संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या खाली नेऊन दारापाशी ठेवायला सुरुवात केली. एकीवर स्वतः बसायची. दुसरी रिकामी. ती काही बोलायची नाही, बोलवायचीही नाही. फक्त येणाऱ्याकडे बघायची आणि मग खुर्चीकडे बघायची.

पहिल्यांदा बसला तो केव्हिन. तळमजल्यावर एकटा राहणारा, साठीच्या आतबाहेरचा इंग्रज, पांढऱ्या व्हॅनमधून घरांची दुरुस्तीची कामं करत फिरायचा. चांगला माणूस, पण सतत कुरकुरणारा. तो बसला तो फक्त बुटाची नाडी बांधायला, असं त्याचं म्हणणं. नाडी बांधून झाली तरी उठला नाही. पुढे तो रोज बसायला लागला आणि त्यांची रोज भांडणं व्हायला लागली. मुख्य भांडण बाथटबचं.

प्रत्येक फ्लॅटला गाडीची एक जागा होती. बाबाकडे गाडी नव्हती. तिनं तिच्या जागेवर कुठून तरी मिळवलेला जुना बाथटब ठेवला, त्यात माती भरली आणि शेपू लावला. शेपू ती कशातही घालायची, सूपमध्ये, बटाट्यात, ब्रेडवर, आणि त्याची जुडी बांधून दर आठवड्याला आमच्या दाराला लटकवायची. माझा नवरा शेपूचा जन्मवैरी. नागपुरात आईशी यावरून अबोला धरलेला माणूस. तो जिना उतरताना नाक दाबून उतरायचा आणि बाबा खालून ओरडायची, "इंजिनिअर! आज ताजा आहे!"

केव्हिनचं म्हणणं साधं होतं. "इथे माणसांना गाडी लावायला जागा नाही, आणि ही बाई पार्किंगमध्ये भाजी लावते."

"गाडी कोणी खाऊ शकतं का?" बाबा विचारायची.

दिवाळीच्या आधी मी करंज्या करायला बसले, तर ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन न विचारता पोळपाटापाशी बसली. तिच्याकडे पेलमेनी करतात, मटणाचं सारण भरलेले छोटे उकडीचे कानवले म्हणा. ते एकट्यानं करायचे नसतात, जिन्यातल्या बायका मिळून करतात. तिनं माझी पहिली करंजी हातात घेऊन कडेची मुरड बघितली आणि म्हणाली, "हे कोणी शिकवलं? फार सुंदर." मग दुपारभर ती मुरड घालायला शिकत राहिली आणि बोलत राहिली. तिच्या अंगणाची गोष्ट तिनं मला तेव्हा सांगितली.

ते तिनं स्वतःच काढलेलं अंगण होतं आणि योगायोगानं त्याच बिल्डिंगीत तिला फ्लॅट मिळाला होता. हिवाळ्यात बाप्ये नळी लावून अंगणात पाणी सोडायचे, रात्रीत त्याचं बर्फ व्हायचं आणि सकाळी पोरं स्केटिंग करायची. शनिवारी सगळे मिळून झाडू मारायचे. "पार्टीनं सांगितलं म्हणून?" मी विचारलं. "आधी पार्टीनं सांगितलं म्हणून," ती हसली. "नंतर झाडून झाल्यावर सगळे मिळून बसायचे म्हणून."

मग ते सोव्हिएत राज्य गेलं. कारखाना बंद पडत गेला, जिन्यात चोऱ्या व्हायला लागल्या. लोकांनी बिल्डिंगीला लोखंडी दार बसवलं, नंबर दाबून उघडणारं. "मीच पुढाकार घेतला," ती म्हणाली. "भीती वाटायची. दार बसलं, चोर गेले. पण शेजारच्या बिल्डिंगीतली माझी मैत्रीण चहाला यायची, तिला नंबर आठवायचा नाही. तीही गेली." मग गाड्या आल्या, अंगणात पत्र्याची गॅरेजं आली, मग कुंपण. शेवटी एका बिल्डरनं झोक्यांच्या जागी काचेचा उंच टॉवर उभा केला. लोक अर्ज करत होते, पण एकेकटे. "अंगणात एकत्र बसायची सवय गेली होती ना. ज्यांना एकत्र बसता येत नाही ते एकत्र भांडणार कसे?"

तिनं माझ्यापुढे करंजी धरली. मुरड अगदी माझ्यासारखी जमली होती. "पण तो टॉवर," ती एकदम खुलून म्हणाली, "त्याची लिफ्ट सारखी बंद पडते. मला फोनवर सांगतात. मला फार बरं वाटतं."

ब्रॅकनेलला तिनं शनिवारची झाडलोट सुरू करून पाहिली. पहिल्या शनिवारी ती आणि मी, दोघीच. केव्हिन खिडकीतून चहाचा मग हातात घेऊन आमच्याकडे बघत होता. "लव्ह, यासाठी आपण मॅनेजमेंट कंपनीला पैसे देतो!" त्यानं हाक मारली. बाईमाणूस दिसलं की तो लव्हच म्हणायचा. बाबानं मान वर केली आणि म्हणाली, "केव्हिन, तू दात घासायला पण कंपनीला बोलावतोस?" पुढच्या शनिवारी तो खाली आला, पण झाडू घेऊन नाही. उभा राहून आम्ही कसं चुकीचं झाडतो हे सांगायला. त्याच्या पुढच्या शनिवारी राहवलं नाही म्हणून त्यानं माझ्या हातातून झाडू घेतला.

हे सगळं असं रुळत असतानाच कंपनीचा ईमेल आला. गाड्या वाढल्या, तक्रारी वाढल्या, म्हणून मागचं गवत काढून तिथे पार्किंग करायचा विचार आहे. रहिवाशांची संमती असेल तर.

संमती जवळजवळ सगळ्यांचीच होती. घरातच बघा. माझा नवरा संध्याकाळी ऑफिसातून येऊन दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून पावसात भिजत यायचा. "मला ती बाई आवडते," तो मला म्हणाला, "पण मला गाडीपण लावायची आहे." केव्हिन तर खूषच होता. व्हॅन पार्क करण्यात त्याचं निम्मं आयुष्य चाललं होतं.

बाबा दोन दिवस खाली बसली नाही. खुर्च्या आल्याच नाहीत. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "काम आहे." मला वाटलं खचली. दुसरा टॉवर उभा राहताना बघायचं वय नव्हतं तिचं.

कम्युनिटी सेंटरमध्ये मीटिंग झाली. कंपनीकडून एक तरुण मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. सगळ्यांना वाटलं, बाबा आता मोठं भाषण ठोकणार. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आपल्या पुढच्या कार पार्कमध्ये जागा आहे. तुम्ही वेडीवाकडी लावता म्हणून दिसत नाही. शनिवारी सकाळी सगळ्यांनी गाड्या बाहेर काढा. मी आखून देते. नाही मावल्या तर गवत खोदा, मी फावडं आणते."

"बाहेर काढून ठेवू कुठे? ढगात?" केव्हिन म्हणाला.

"रस्त्यावर. तू तसाही तिथेच ठेवतोस."

लोक हसले. कंपनीच्या मुलीनं खांदे उडवले, म्हणाली, बघायला काय हरकत आहे. मीही येते.

मीटिंगहून येताना बाबानं मला जिन्यात धरलं. "दिवाळीत दारात काढलीस ती पांढरी पूड. किती आहे?"

"आहे दोन पिशव्या. का?"

"सगळी आण."

शनिवारी आभाळ भरून आलं होतं. कार पार्क रिकामा झाल्यावर एवढा मोठा दिसला की ओळखू येईना. बाबा पिवळ्या जॅकेटमध्ये मध्यभागी उभी. तिनं माझ्या नवऱ्याच्या हातात दोरीचं टोक दिलं. "इंजिनिअर, तिकडे. अजून. नाक सरळ. तू वाकडा उभा आहेस." तो बिचारा ऑफिसात माणसं हाकणारा, इथे मुकाट्यानं दोरी धरून मागे मागे जात होता. दोरी ताणली की मी तिच्या कडेनं रांगोळी सोडायची. रेघा तिरप्या, एका दिशेनं झुकलेल्या. जुन्या पुसट सरळ खुणांच्या अंगावरून त्या जात होत्या. एका बाजूनं आत यायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं, उलटं कोणी यायचं नाही. लहानपणापासून मी ठिपक्यांची रांगोळी काढत आले, पण निसान आणि फोर्डसाठी पहिल्यांदाच.

निम्म्यात आलो आणि पावसाचे थेंब पडायला लागले. "गाड्या!" बाबा ओरडली. "आणा, आणा, रेघ जाईल!" मग जी धांदल उडाली! एकेक गाडी आत यायची, बाबा दोन्ही हातांनी तिला तिच्या घरात ढकलावी तसे हातवारे करायची. जे कधी एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणाले नव्हते ते एकमेकांच्या बंपरकडे बघून ओरडत होते, "ये, ये, अजून ये, बस!" कंपनीची मुलगी छत्री टाकून एका म्हातारीची गाडी मागे घ्यायला धावली. गाड्या मावत गेल्या. मावल्यावर जागा उरतही गेली.

शेवटी राहिला केव्हिन. तो मुद्दाम शेवटी आला. व्हॅन तिरपी आत घातली आणि ती मावली नाही. तिची मागची बाजू वाटेत पुढे आली होती. त्याच्याशेजारी बाबाची जागा, आणि तिथे बाथटब. शेपू पावसात हिरवागार.

केव्हिन खाली उतरला, त्यानं टबकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. एवढे दिवस ज्या टबवरून भांडला त्याच्याबद्दल आज त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मला वाटतं त्याला ते बोलायचंच नव्हतं.

बाबा टबापाशी गेली. कडेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "काय बघता? उचला."

"कुठे नेऊ?" केव्हिननं विचारलं.

"मागे. गवतावर. अंगणात."

मातीनं भरलेला लोखंडी टब. हातभर पुढे जाईना. केव्हिन, माझा नवरा, वरच्या मजल्यावरचे, समोरच्या ब्लॉकमधले, सगळे त्याला भिडले. शेपूच्या जन्मवैऱ्याच्या चेहऱ्यावर पाऊस आणि शेपू दोन्ही. ब्लॉकला वळसा घालून टब मागे गेला आणि गवताच्या मधोमध बसला. व्हॅन आडवी होऊन दोन जागा अडवून आरामात उभी राहिली. केव्हिन परत येऊन बाबासमोर थांबला, म्हणाला, "लव्ह, तू वेडी आहेस," आणि त्यानं तिला मिठी मारली. बाबानं त्याच्या पाठीवर थाप मारली ती एवढ्या जोरात की तो खोकायला लागला.

रांगोळी त्याच दुपारी वाहून गेली. पण गाड्या दुसऱ्या दिवशीही तिरप्याच लागल्या आणि तिसऱ्याही. कंपनीनं पुढे त्याच जागी पक्क्या रेघा मारून घेतल्या. गवत राहिलं. टब मागे गेल्यामुळे शेपूची विचारपूस करायला लोक मागे जायला लागले, आणि उन्हाळा येईपर्यंत तिथे एक टेबल आलं, कपड्यांची दोरी आली आणि ओरडणारी पोरंही.

एक आठवडा मात्र वेगळा होता. तिच्या देशानं युद्ध सुरू केलं तो. बाबा खाली आली नाही. तिच्या संस्थेतले निम्मे सहकारी युक्रेनचे होते, एक मैत्रीण खार्कीवला होती, तिचा फोन लागत नव्हता. आपण कोणाला तोंड कसं दाखवावं, असं तिला वाटत होतं. मला तिनं दार उघडलं, बसवलं आणि परत फोन लावत बसली. तिसऱ्या दिवशी केव्हिननं स्वतःच्या घरातल्या दोन खुर्च्या काढून दारापाशी ठेवल्या, एकीवर बसला आणि वर बघून हाक मारली, "लव्ह, मी एकटा बसलो तर लोक मला वेडा म्हणतील." बराच वेळ तो तसाच बसून होता. शेवटी बाबा कोट घालून खाली आली. त्या संध्याकाळी ती दोघं एक अक्षरही भांडली नाहीत. पुढच्या महिन्यात मैत्रीण सुखरूप पोलंडला पोचल्याचा फोन आला तेव्हा बाबा जिन्यात उभी राहून इतक्या मोठ्यानं ओरडली की तळमजल्यापासून वरपर्यंत सगळी दारं उघडली.

ईरा शाळेत गेल्यावर आम्ही जवळच्या रीडिंग गावात घर घेतलं. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी जोडलेलं, पुढे ड्राइव्ह-वे, मागे गार्डन. आनंदात होतो. आवरासावर झाल्यावर एका शनिवारी बाबा ट्रेननं बघायला आली. घरभर फिरली, नळ उघडून बघितले, भिंतीवर टकटक केलं. मग हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "जिना कुठे आहे?"

"हा काय, समोर."

"हा घरातला. यावर कोण भेटणार?" मी हसले. ती हसली नाही. "शेजारी कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. उजवीकडच्या बाईंना मी कुंड्यांना पाणी घालताना पाहिलं होतं. आम्ही हात हलवायचो. बस. हिवाळा सगळा असाच गेला होता.

बाबा स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरची रिकामी वाटी उचलली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. मी मागे धावले. "बाबा, अहो, इथे असं नाही चालत. आधी मेसेज करतात!" तोवर तिनं उजवीकडच्या दाराची बेल दाबली होती.

दार उघडलं. साठीच्या बाई, अंगावर एप्रन. बाबानं वाटी पुढे केली. "मीठ. यांच्याकडे मीठ नाही."

आमच्याकडे मिठाचे तीन प्रकार होते. मी फुटपाथवर उभी राहून जमीन दुभंगायची वाट बघत होते. बाईंनी वाटीकडे बघितलं, बाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही राहायला आलात ना, त्या आठवड्यात मी तुमच्यासाठी केक केला होता," त्या मला म्हणाल्या. "लेमन केक. मग वाटलं, तुम्ही अंडं खात नसलात तर? तुम्हाला बरं वाटलं नाही तर? तो तीन दिवस ओट्यावर होता. शेवटी आम्हीच खाल्ला."

"आणि मी खिडकीतून बघायची," मी म्हटलं, "तुमच्याकडे यावं का म्हणून. वाटलं, डिस्टर्ब होईल."

"वेड्या बायका," बाबा म्हणाली आणि वाटी घेऊन सरळ त्यांच्या घरात शिरली.

आम्ही तिथे दुपारभर बसलो. त्यांचे मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेले, माझ्या नवऱ्याला बोलावून घेऊन शेडमधली छोटी इंजिनं दाखवत बसले. बाबानं त्यांच्या आणि आमच्या बागांमधलं कुंपण कुठे उघडता येईल हे चहाच्या कपांनी टेबलावर मांडून दाखवलं. संध्याकाळी तिला ब्रॅकनेलच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "आता राहा इथे. आता चालेल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. शेजारच्या बाई उभ्या होत्या, हातात रिकामा कप.

"सॉरी हं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे थोडी साखर असेल का?"

साखरेचा त्यांचा मोठा डबा मी आदल्या दिवशी त्यांच्याच टेबलावर काठोकाठ भरलेला बघितला होता. मी कप घेतला, दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "आत या ना, चहाच टाकते."

त्या पायपुसण्यावर पाय पुसायच्या आधीच आत आल्या.